आप्पांचं पाठमोरं उत्तर

मी पेपर तपासायला बसले की घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. अर्ध्या मार्कासाठीसुद्धा मी हटून बसते. हा गुण, दुर्गुण म्हणा हवं तर, वडिलांकडून आला. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. बुऱ्हाणपुरात त्यांनी जन्मभर केमिस्ट्री शिकवली, आणि मीही इथल्याच एका शाळेत तेच शिकवते. त्यांच्या एका उत्तरावर मी फुली मारली होती. ते लिहायचं आजवर टाळलं.

रिटायर झाल्यावर आप्पांनी घराच्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावीचा क्लास सुरू केला. शाहपुरहून, धूलकोटहून पोरंपोरी सकाळच्या बसने यायची. सगळी हिंदीत शिकलेली. फळ्यावर इंग्रजी अक्षरं दिसली की निम्म्यांचे चेहरे उतरायचे. म्हणून आप्पांनी अक्षरंच काढून टाकली. रेणू काढायचा तो रंगीत गोळ्यांचा. मधे कार्बनचा रिकामा गोल, त्याला धरून चार रंगांचे चार गट. फळ्यावर रंगीत खडू, कागदावर स्केचपेन. कागद म्हणजे माझ्या मावसभावाने नेपानगरहून आणून दिलेला न्यूजप्रिंटचा गठ्ठा. त्यावर स्केचपेन टेकवलं की शाई पार मागे उतरायची, आणि टेबलावरच्या कापडाला डाग पडले म्हणून आई कुरकुरायची.

त्यांचा आवडता धडा एकच. कार्बनला धरलेला एक गट सुटून दुसरा येतो, तेव्हा रेणू उजव्याचा डावा होतो की होता तसाच राहतो? आप्पा सांगायचे, जुना ज्या दाराशी बसलाय त्या दाराने नवा येत नाही, मागच्या दाराने शिरतो. तो मागून आत आला की जुना पुढून बाहेर पडतो, आणि उरलेले तिघे वाऱ्यात छत्री उलटावी तसे दुसऱ्या बाजूला झुकतात. फळ्यावर डावीकडे मूळ रेणू, त्याच्या उजव्या टोकाला लाल गोळा. मग उजवीकडे जाणारा बाण. बाणापलीकडे उलटलेला रेणू, त्यात हिरवा गोळा डाव्या टोकाला. पण कार्बनपाशी काही तुटलंच नाही, बदल दुसरीकडेच कुठे झाला, तर रेणू होता तसाच राहतो. "जो बंध तुटला नाही, तिथलं काही बदललं नाही," हे त्यांचं वाक्य सगळ्या क्लासला पाठ होतं. दरवर्षी निम्मी पोरं हिरवा गोळा नेमका लालच्या जागी बसवून मोकळी व्हायची. त्याला आप्पांकडे भोपळा. रडलं तरी भोपळा.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. "हं" आणि "नाही नाही" एवढंच उरलं. दिवाळी झाली तसे ते आधाराने बसू लागले, आणि रोज सकाळी डाव्या हाताने पुढच्या खोलीकडे बोट दाखवायला लागले. पोरांना बोलवा, एवढंच त्यांचं मागणं. पोरांचेही फोन येत होते. परीक्षेला चार महिने होते. दुसरीकडे जायचं तर त्यांना तेव्हाच जायला हवं होतं. बोलेन मी, चित्रं आप्पा काढतील, असं माझ्या मनात होतं. पण आप्पा आत शाबूत आहेत की नाहीत, हे आधी कळायला हवं होतं.

"सगळं समजते त्यांना," आई म्हणाली. "जबान बंद पडली त्यांची, दिमाग नाही."

मी ऐकून घेतलं असतं तर. पण तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही आमच्या घरातली खोड.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्यापुढे टेबल ओढलं, कागद ठेवला आणि त्यांचाच जुना प्रश्न त्यांना घातला. मूळ रेणू काढा, लाल जाऊन हिरवा आला तर काय होईल ते काढा. डाव्या हाताने टोपणं उघडेनात, ती मी उघडून दिली. मग बाजूला बसून शाळेचे पेपर तपासत राहिले. त्यांना तासभर लागला. कपाळावर घाम आला होता, पण त्यांनी मधे एकदाही मान वर केली नाही.

मग मी कागद पाहिला. बाण उजवीकडून डावीकडे गेलेला. आणि बाणाच्या टोकाला जो रेणू होता, त्यात हिरवा गोळा उजव्या टोकाला, फळ्यावर लाल असायचा तिथेच. छत्री उलटलेलीच नव्हती. ज्या चुकीला ते जन्मभर भोपळा देत आले, तीच चूक. तपासणाऱ्याची नजर शेवटच्या उत्तरावर जाते. त्यांनी सुरुवातीचा रेणू कसा काढलाय हे मी बघितलंच नाही. लाल शाईचं पेन हातात होतं. सवयीने हात गेला आणि मी फुली मारली.

आप्पांनी फुलीकडे पाहिलं. "नाही नाही," म्हणाले. मग डाव्या हाताने कागद कसाबसा पालथा केला, माझ्याकडे सरकवला, आणि त्याच्या पाठीवर बोट आपटत राहिले. "नाही नाही."

"राहू द्या आप्पा," मी म्हटलं. "पुरे आता."

मी स्केचपेनांना टोपणं लावली आणि कागद तसाच पालथा गठ्ठ्यावर ठेवून कपाट लावलं. त्या आठवड्यात पोरांना दुसरा क्लास बघायला सांगितलं. बाकडी देऊन टाकली. आप्पांनी पुढच्या खोलीकडे बोट दाखवणं सोडलं. आम्ही त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागलो. जेवला का, शहाणा गं माझा राजा, असं. आई नाही बोलायची तसं, मी बोलायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि आठ दिवसांनी ते गेले.

यंदा शाळेत तोच धडा आला. पोरांना दाखवायला आप्पांची जुनी चित्रं काढावीत म्हणून मी कपाट उघडलं. गठ्ठ्यावर पहिलाच कागद. डावीकडे मूळ रेणू, लाल गोळा उजव्या टोकाला, बाण उजवीकडे, पलीकडे छत्री उलटलेली, हिरवा डाव्या टोकाला. रंग फिके, रेषा जरा थरथरत्या, पण उत्तर चोख. घाईत काढलं असेल कधीतरी, असं वाटलं. फक्त त्यावर फिकट लाल फुली होती. आप्पांच्या चित्रावर फुली मारायची हिंमत कुणाची, म्हणून मी कागद उलटला.

दुसऱ्या बाजूला त्या रविवारचं चित्र होतं, माझ्या फुलीसकट.

आप्पांना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, उजवा हात गेलेली काही माणसं डाव्याने लिहू लागली की सगळं आरशातल्यासारखं उलटं उतरतं. त्यांना ते कळतं का, मी विचारलं. काहींना कळतं, त्या म्हणाल्या.

अक्षरं असती तर उलटी दिसली असती आणि कुणालाही समजलं असतं. आमच्या घरात गोळे होते. आणि उजव्या-डाव्याचा फरक शिकवून पोट भरणारी मी, शेजारची दोन चित्रं एकमेकांशी ताडून पाहू शकले नाही. त्यांनी कागद पालथा करून उत्तर हातात दिलं, तरी बघितलं नाही. सहा महिने माझे वडील आत पूर्णच्या पूर्ण होते, आणि मी त्यांना शहाणा राजा म्हणत घास भरवत होते. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने कधीच सांगून ठेवलं होतं.

तो कागद मी वर्गात नेला आणि मागची बाजू पुढे करून फळ्यावर चिकटवला. धडा नीट झाला. शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅम, आन्सर तर सही आहे. मग ही काट कुणी मारली?"

"मी मारली," मी म्हटलं, आणि फळा पुसायला घेतला.