दुसऱ्या कागदावरचा अंगठा

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, पाळकसाहेबांजवळ नाही. प्रार्थनेत तर ऐकणारा आयताच मिळतो, पण तिथेही या विषयाला वळसा घालूनच मी आमेनपर्यंत पोचत आलो आहे. आपल्याला सांगतो आहे, कारण आपण मला ओळखत नाही. धैर्याचा यात काही संबंध नाही.

मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीच्या भिंतीलगत, ताडपत्रीखाली, पंचवीस वर्षांपासून माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत. परंतु पदवी घेतलेली माणसे माझ्यासमोर उभी राहून 'महोदय' कागदाच्या कोणत्या बाजूला लिहायचे, हे विचारतात, तेव्हा त्यांच्या पदवीची मला मनापासून कीव येते. आणि ज्यांना पदवी नाही, ते? आपले गाऱ्हाणे सांगायला बसतात आणि सुरुवात करतात चुलतभावाच्या लग्नापासून! त्या चिखलातून मुद्दा उपसायचा, धुवायचा, क्रमाने मांडायचा, हे काम माझे. मजकूर पाहिला की आतले बाबू खाली सही न बघता सांगतात, हा अमक्याच्या हातचा. या गोष्टीचा मला किती अभिमान होता, ते पुढे येईलच.

रविवारी दुपारी मी हुडकेश्वरला सामुएलभाऊंच्या घरी वचनाचा वर्ग घेतो. तिथे मला गुरुजी म्हणतात. बसायला वेगळी खुर्ची असते, पंखा माझ्याकडे वळवलेला असतो. गेली काही वर्षे आम्ही बायबलातला 'निर्गम'च, म्हणजे मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या फारो राजाच्या गुलामीतून सोडवले तो भाग, वाचत आहोत — संपला की पुन्हा पहिल्यापासून — कारण मंडळींना तो फार आवडतो. का आवडतो? प्रत्येकाला त्यात स्वतःचीच सुटका दिसते. एका गृहस्थांचा लाल समुद्र म्हणजे त्यांचा मुतखडा. तो दुभंगला आणि ते पार झाले. एका बाईंचा फारो म्हणजे त्यांची सासू, ती बिचारी मागच्या ओळीत बसून ऐकत असते. रानात आभाळातून मान्नाचे अन्न पडले, तसा कुणाच्या मुलाला हिंगण्याच्या कारखान्यात कायमचा हुद्दा मिळाला. मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे लोक! एवढ्या मोठ्या मिसर देशात एकाही माणसाला स्वतःचा पूर्वज फारोच्या दरबारात उभा असलेला दिसू नये? सगळेच कसे मोशेच्या मागून चालणारे?

आणि मी? मी तर थेट मोशे होतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने राजासमोर बोलणारा. मोशेच्या वतीने बोलणारा त्याचा भाऊ अहरोन म्हणा हवे तर — पण मी स्वतःला मोशेच समजत होतो. आपल्यापासून आता काय लपवायचे?

एका वर्षी फाल्गुनात दुर्गाबाई माझ्याकडे आली. कन्हानकडच्या एका वीटभट्टीवर ती आणि तिचा नवरा विटा थापत. गाव भंडाऱ्याकडे. केसांत, भुवयांत मातीची धूळ. माझ्या टेबलाला हात टेकवला तर पंजा उमटला. मी तो तिच्यासमोरच फडक्याने पुसला. तिला समजावे म्हणूनच पुसला.

"बाबूजी, पोरगी बायंत होनार हाये. पहिलटकरीन हाये. तिले मायशिवाय कोनी नाही जी," ती म्हणाली. "मले आठ दिवस पाह्यजे. मालक कार्ड देत नाही, गेली तं नवऱ्यालेबी हाकलतो म्हन्ते."

भट्टीवाल्याने हंगामाच्या सुरुवातीलाच सर्वांची आधार कार्डे कपाटात घातली होती. ती परत मिळावीत आणि तिला आठ दिवस गावी जाऊ द्यावे, एवढीच मागणी. मी अर्ज लिहिला. आजही सांगतो, उत्तम लिहिला. वाचून दाखवला तेव्हा ती रडली. स्वतःचेच दुःख शुद्ध भाषेत ऐकून रडणारी माणसे मी रोज पाहतो. मला त्यांचे फार काही वाटत नाही.

अर्जावर तिचा अंगठा घेतला, आणि रिवाजाप्रमाणे दुसऱ्या कोऱ्या कागदावरही घेतला. आमच्या धंद्यात सर्वच जण घेतात. कचेरीने दुरुस्ती सुचवली तर लांबच्या पक्षकाराला पुन्हा खेप पडू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. मालकाचे नाव लिहिताना मात्र मी थांबायला हवे होते. भट्टीवर फलक मालकाच्या मुलाच्या नावाचा होता, तिने तेच नाव सांगितले, मी तेच लिहिले. सामुएलभाऊंचा धंदा विटांचा, हे मला ठाऊक होते; पण ती भट्टी त्यांचीच आहे, हे चौथ्या दिवशी कळले.

ते स्वतः ताडपत्रीखाली आले. रागावले नाहीत. रागावले असते, तर कदाचित मी ताठ राहिलो असतो — पण हेही मी स्वतःला बरे वाटावे म्हणूनच म्हणतो आहे. त्यांनी हसत, कचेरीतून मिळवलेली अर्जाची प्रत पुढे केली.

"गुरुजी, हा कागद तुमच्याच हातचा वाटून राहिला मले. एवढी चांगली भाषा दुसऱ्या कोनाले येते?" मग सावकाश म्हणाले, "भट्टी पेटली आहे. एक बाई गेली तं चार जातीन. रविवारी तुमी येऊन राहिले ना?"

एवढेच. धमकी नाही, आमिष नाही. रविवारी येणार ना, इतका साधा प्रश्न. आणि मला डोळ्यांसमोर काय दिसले? ती खुर्ची दिसली. माझ्याकडे वळवलेला पंखा दिसला. दुर्गाबाई दिसली नाही.

त्याच दुपारी खणातून तो कोरा कागद काढून मी अंगठ्याच्या वर मजकूर लिहिला: सदर तक्रार मी गैरसमजातून केली असून ती कोणाच्याही दबावाशिवाय मागे घेत आहे. स्वतः आत जाऊन दाखल केला. बाबूने बांधणी पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि शिक्का मारला.

ती दोनदा आली. दोन्ही वेळा मी सांगितले, कागद साहेबांच्या टेबलावर आहे. दुसऱ्यांदा तर खेकसलोसुद्धा: "बाई, सरकारला तुमच्याशिवाय दुसरे काम नाही का?" ती "चुकलं बाबूजी" म्हणाली. म्हणाली ती — आणि मी ऐकून घेतले.

तिसऱ्यांदा आली ती वैशाखात. भट्टी बंद होऊन कार्डे परत मिळाली होती. पोरीला कळा आल्या तेव्हा घरी नणंद तेवढी होती, तीही लहान. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मूल गेले. पोरगी वाचली, पण आईशी बोलेना. माय आली नाही, एवढेच म्हणते.

"तुमी लिवलं ते चांगलंच लिवलं होतं बाबूजी. वाचनाऱ्यालेच डोये नाहीत," दुर्गाबाई म्हणाली. "आता पोरीले एक चिठ्ठी लिहून द्या. म्हना, मायनं अर्ज केला होता. सरकारनं आयकलं नाही."

तेव्हा सांगता आले असते ना? समोर कुणी नव्हते. सामुएलभाऊ नव्हते, बाबू नव्हता. चिठ्ठीत एक ओळ खरी घातली असती, तरी पोरीला कळले असते की आईचा कागद कुणी मारला. मी लेखणी उचलली आणि लिहिले: तुझ्या आईने अर्ज केला होता, सरकारने ऐकले नाही. सुंदर अक्षरात लिहिले. वाचूनही दाखवले. तिने माझ्या पायांना हात लावला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी वर्गात आम्ही चौथा अध्याय संपवला आणि मी सवयीने सहाव्याची पाने काढली. वीटभट्टीवाल्याच्या दिवाणखान्यात विटांचा अध्याय कशाला, म्हणून मी दरवेळी तो ओलांडत असे. कुणाच्या लक्षातही येत नसे, इतके हे लोक मन लावून ऐकतात. त्या दिवशी रूथबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "गुरुजी, पाचवा राहिला की."

वाचावा लागला. मोशे जाऊन सांगतो, लोकांना तीन दिवस जाऊ द्या. फारो म्हणतो, आळशी आहेत. मग विटांच्या मातीत घालायला मिळणारे गवत बंद, विटांची संख्या तीच. आणि संख्या भरली नाही म्हणून फारोचे मुकादम मजुरांवर नेमलेल्या इस्राएलाच्या नायकांना झोडपतात.

"हे नायक कोणाचे?" रूथबाईंनी विचारले. "फारोचे, का आपल्यातले?"

"आपल्यातलेच," मी म्हणालो. पुढे जे मला दिसत होते, ते बोललो नाही. ते नायक मजुरांकडून काम करून घेत, हे खरे. पण मजुरांच्या वाट्याचा मार त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला होता. तेवढीही माझी लायकी नव्हती.

सभा संपल्यावर चहा आला. सामुएलभाऊंनी सर्वांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज गुरुजींनी फार खोल शिकवलं." मग स्वतःच्या हाताने माझ्या बशीत आणखी एक आलूबोंडा ठेवला.

तो मी खाल्ला.