काडी इकडची, काडी तिकडची

नागोरावांना गावात कुणी पंडित म्हटलं की ते चिडत, आणि म्हटलं नाही तर जास्तच चिडत. शाळा चौथीपर्यंत, सारी हयात पांढरकवड्याच्या कापूस जिनिंगमध्ये पोती शिवण्यात गेलेली. पण वर्षावास लागला की विहारात ग्रंथ वाचायला बसायचा मान त्यांचाच. पावसाळ्याचे ते तीन महिने रोज संध्याकाळी धुतलेला पांढरा सदरा, दोरी बांधलेला चष्मा आणि पुढ्यात तो ग्रंथ. आपण पदरचं एक अक्षर घालत नाही, पुस्तकात आहे तेच वाचतो, हे ते वर्षातून दहादा ऐकवत.

ग्रंथ म्हणजे कुण्या जुन्या भिक्खूचं चरित्र. नागपुरात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना तो सापडला होता. सुरुवातीची पानं शाबूत, शेवटची प्रकरणं सुटून विस्कटलेली. खालच्या कडेला पानांचे आकडे होते, पण ती कड वाळवीने फस्त केलेली. प्रकरणांच्या डोक्यावरचे रोमन आकडे तेवढे राहिले होते. ते नागोरावांना कुणी शिकवले नव्हते, आणि विचारायला जाईल तो नागोराव कसला! त्यांनी स्वतःची अक्कल चालवली. फुली म्हणजे दहा, काडी म्हणजे एक. सातव्याच्या आकड्याला एक काडी जास्त म्हणून आठवं लागलं, नुसती फुली म्हणून दहावं लागलं. नववं दिसेना, ते वाळवीने नेलं असं त्यांनी धरलं. उरली दोन प्रकरणं, आणि दोघांवरही एक फुली, एक काडी. काडी फुलीच्या अलीकडे असली काय नि पलीकडे असली काय, अकरा ते अकराच. एकाच प्रकरणाचे हे दोन भाग असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एका भागात भिक्खू मरत होता. दुसऱ्यात तो एका दिवसापुरता घरी येत होता आणि म्हातारी आई त्याला भाकर वाढत होती. माणूस गेल्यावरच त्याच्या आठवणी निघतात, असा विचार करून त्यांनी मरण आधी घेतलं, जेवण शेवटी घेतलं आणि दाभणाने पक्की शिलाई मारली.

गावाला तो शेवट मानवला. शेवटच्या संध्याकाळी घरोघरून डबे येऊ लागले, पुण्या-हैदराबादकडे कामाला गेलेली पोरं त्या दिवसासाठी गावी येऊ लागली, आणि पहिलं ताट बाहेरून आलेल्याला वाढायचं, हा रिवाजच पडला.

नागोरावांची चुलत वहिनी इंदूबाई फक्त त्याच संध्याकाळी यायची. तिचा मुलगा रवी ट्रकवर होता. हैदराबादच्या रस्त्यावर, आदिलाबादच्या पुढे, अपघातात गेला. गावाने त्याला अग्नी दिला, पण इंदूबाईच्या तोंडून ‘गेला’ हा शब्द कधी निघाला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणे, रवी हैदराबादले हाय. मरणाचं प्रकरण चालू असलं की ती विहाराकडे फिरकत नसे. शेवटच्या दिवशी गोळाभाताचा डबा घेऊन भिंतीला टेकून बसे, आईने भाकर वाढली की डोळे पुसे आणि डबा न उघडता परत नेई. तो डबा कुणासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा गावच्या पोरांनी विहाराला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तोवर वाचन आठव्या प्रकरणापर्यंत आलं होतं. खिळा ठोकायचं काम अर्थात नागोरावांनी कुणाला करू दिलं नाही. घड्याळ टांगून मागे सरले आणि त्यावरचे आकडे बघून जागीच थबकले. काडी आणि फुली नवाच्या जागेवर होती. अकराच्या जागेवर फुली आणि काडी. त्यांनी ग्रंथ उघडून घड्याळाखाली धरला, पानावरून घड्याळाकडे आणि घड्याळावरून पानाकडे किती वेळा पाहिलं कोण जाणे. वाळवीने नववं नेलंच नव्हतं. इतकी वर्षं ते त्याला शेवटी वाचत होते. भिक्खू आधी घरी आला होता, मरण नंतरचं होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण पदरचं अक्षर घालत नाही म्हणणाऱ्या माणसाने अख्खं मरण इकडचं तिकडे केलं होतं, हे त्यांना सोसवेना. आणि शिलाई उसवावी, तर इंदूबाईचं काय? रवीला घरी यायला तेवढा एक दिवस होता. दोन दिवस त्यांनी दाभण हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिलाई उसवली, प्रकरणं लावली आणि वाचनाआधी सगळ्यांसमोर चूक सांगितली. लोक म्हणाले, चालते. मग ते स्वतः इंदूबाईकडे गेले. ती अंबाडी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अंबाडीची पुढची जुडी सोडली.

नवव्या प्रकरणाला ती आली नाही. वर्षावास संपतो त्या अश्विन पौर्णिमेला नागोराव शेवटचं प्रकरण वाचायला बसले तेव्हा भिंतीजवळची तिची जागा रिकामीच होती. आपण वहिनीचं उरलंसुरलं हिरावून घेतलं, या विचारात त्यांची ओळ दोनदा चुकली. भिक्खूने डोळे मिटले त्या ओळीवर त्यांनी वर पाहिलं, तर इंदूबाई दाराशी उभी होती. हातात डबा होता.

वाचन संपलं. डबे असूनही कुणाचा हात पुढे होईना. इंदूबाई आत आली, नागोरावांसमोर बसली.

“आधी घरी आला, मायच्या हातचं जेवला, मंग गेला. असंच हाय ना भाऊजी पुस्तकात?”

“असंच हाय वैनी. मीच चुकलो होतो.”

“माहा रवीबी जेवूनच गेलता,” ती म्हणाली.

तिने डब्याचं झाकण काढलं आणि पहिलं ताट नागोरावांना वाढलं.