यादीतून उडालेल्या अकरा जणी

हर्षद हुशार, यात शंका नाही. पण हुशारी मिरवायची त्याला भारी खोड. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम मात्र कोकणातल्या नाटे गावी, घरच्या पडवीत बसून. गावकीचे चिटणीस हरिश्चंद्रकाका नारळी पौर्णिमेच्या यादीचं काम घेऊन आले, तेव्हा त्याला आयताच प्रेक्षक मिळाला.

त्या दिवशी जेटीवर यादीतलं नाव पुकारायचं आणि मगच त्या घराने दर्याला नारळ द्यायचा, अशी तिथली रीत. यादी चारशे घरांची. वारलेल्यांच्या नावापुढे काकांनी वर्षानुवर्षं 'मयत' लिहून ठेवलेलं; ती नावं आता काढायची होती.

"एकेक कशाला शोधायचं?" हर्षदने काळ्या पडद्यावर 'सेड' नावाच्या प्रोग्रामची कमांड लिहिली: जिथे 'मयत' दिसेल ती अख्खी ओळ उडव. एंटर मारलं आणि यादी साफ. मूळ फाइलवरच चालवली, प्रत ठेवली नाही.

"येकदा वाचून बघ रे," काका म्हणाले.

"काका, कॉम्प्युटर चुकत नाय," तो हसला.

पौर्णिमेला काकांनी माइकवर नावं पुकारली. यादी संपली, तरी अकरा बायका नारळ धरून उभ्याच. सगळ्यांत पुढे शेजारची सगुणाकाकी. तिच्या हातची पेज पिऊन हर्षद वाढला होता.

तिची ओळ त्याला आत्ता आठवली: 'सगुणा, मयत लवू यांची पत्नी'. शब्द नवऱ्यासाठी होता, उडाली ती; बाकीच्या दहा जणींचंही तेच. कॉम्प्युटर खरंच चुकला नव्हता.

काकांनी माइक त्याच्या हातात दिला. त्यांना सगळी नावं पाठ होती, पण ते मागे सरकले. अख्ख्या गावासमोर हर्षदला एकेकीपुढे जाऊन नाव विचारावं लागलं. त्या हळू आवाजात सांगत होत्या, जशी काही चूक त्यांचीच. शरमेने त्याला मान वर करवेना. हसलो कशाला त्या दिवशी, हेच मनात येत होतं.

शेवटी सगुणाकाकी राहिली.

"काकी, तुज्या ओळीत 'मयत' होता, म्हणून..."

"मेला तो रे," ती म्हणाली. "मी हाय ना अजून."

तिने नारळ छातीशी धरला आणि नाव पुकारण्याची वाट बघत उभी राहिली.