कन्हारीतलं घर

जमिनीत पैसा घालू पाहणारी नवी पोरं अजूनही माझ्याकडे सल्ल्याला येतात, आणि मी दर वेळी गडबडतो. आयुष्यात मी एकच सौदा केला. तो फायद्याचा झाला की तोट्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा आमची भिलाई मध्य प्रदेशात होती. मी प्लांटमध्ये कामगार. टाउनशिपचं क्वार्टर होतं, पण ते रिटायर होईपर्यंतच. पुढे जायचं कुठे, हे बायको वरण वाढतानाही विचारायची. शेवटी बाबांनी भंडाऱ्याकडच्या गावातली धानाची बांधी, म्हणजे आमचं शेत, विकली आणि पैसे आणून माझ्या हातात ठेवले. "छत कर बाबू डोक्यावर," एवढंच म्हणाले. मला आनंद नाही, भीतीच वाटली.

सल्ले द्यायला सारं जग तयार होतं. शिफ्टमधला जोडीदार म्हणे, हायवेला लागून घे. शेजारचे क्लार्क म्हणत, कुठेही घ्या, पण आजच घ्या. सुपेल्याच्या चहाटपरीवर बसणारा दलाल तर खसरा, रकबा, डायव्हर्शन असे शब्द तोंडावर फेकायचा. एक डिसमिल म्हणजे किती फूट, हे मी तिघांना विचारलं. तीन उत्तरं मिळाली. मी नुसती मान डोलवायचो.

दलालानं जामुलच्या वाटेवर दोन प्लॉट दाखवले. भाव सारखाच. एक लाल, मुरमाड, गवतही धड नाही. "ये भाठा है." मग दुसऱ्याकडे बोट केलं, "और ये कन्हार."

कन्हार! इतक्या दिवसांत मला कळलेला हा पहिला शब्द. आमच्या धानाच्या मुलखात कन्हार म्हणजे काळीभोर, कसदार जमीन. पोरगी द्यायच्या आधी लोक विचारतात, कन्हार किती? त्याच भावात मुरूम कोण घेईल? दलाल "सोच लो" म्हणाला, तर मला तोच लबाड वाटला. दुर्गला जाऊन रजिस्ट्री करून मोकळा झालो.

उन्हाळ्यात बाबा आले, तेव्हा त्यांना मोठ्या ऐटीत प्लॉटवर नेलं. जमिनीला हात शिरेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांनी खाली बसून ढेकूळ फोडलं आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"कन्हार हाय, बाबा."

"ते दिसून राहिलं मले. पण घर कावून कन्हारीत बांधून राहिला तू? पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. गावात आपलं घर कुठी हाय? बर्डीवरच ना?"

बर्डी म्हणजे आमच्याकडचा भाठा. त्याच घरात मी वाढलो होतो.

"मले कावून नाही विचारलं?"

चहावाल्यालासुद्धा विचारलं होतं मी. सौद्यातलं बाबांना काय कळतं, असं मला वाटलं होतं, आणि त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

मुरूम लागेस्तोवर पाया खणण्यात निम्मे पैसे गेले. तीन खोल्यांच्या जागी एक झाली. उरलेल्या जागेत बाबांनी तूर पेरली, आणि ती अशी आली की रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

पोरं विचारतात, काका, रिटर्न किती मिळाला? मला तुरीत वाकलेले बाबा दिसतात. माझ्या छतासाठी त्यांनी गावची कन्हार विकली होती.