कंपनीची डायरेक्टर मीच

ऑस्ट्रेलियात, ॲडलेडजवळच्या मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर मी इलेक्ट्रिकलचं मास्टर्स केलं, तेव्हा आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं भारतातली होती. दर सेमिस्टरला नवी बॅच उतरायची. तीन खोल्यांच्या घरात आम्ही सहाजणी राहायचो आणि सकाळी बाथरूमसाठी नंबर लागायचे. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. कुणाचे किती पॉइंट झाले, कुणी इंजिनिअरिंग सोडून हेअरड्रेसिंगला नाव घातलं, कुणाचा वकील पळाला. त्या घरात पीआर मिळेपर्यंत कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

मास्टर्स संपलं, पुढचा तात्पुरता व्हिसा मिळाला आणि मुलाखती सुरू झाल्या. सगळीकडे एकच प्रश्न, लोकल एक्सपिरियन्स आहे का? तो नव्हता म्हणून नोकरी नव्हती, आणि नोकरी नव्हती म्हणून तो येत नव्हता. पाच महिने असे गेल्यावर एका वाढदिवसाच्या जेवणात ठाण्याचे एक गृहस्थ भेटले. दहा-बारा वर्षं ॲडलेडमध्ये होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांचा टेस्ट-अँड-टॅगचा धंदा होता. ऑफिसं, शाळा, वर्कशॉप, कुठेही विजेवर चालणारी वस्तू असली की तिची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वस्तू आपल्या यंत्राला जोडायची, अर्थिंग बघायचं, इन्सुलेशन बघायचं. पास झाली की तिच्या वायरला टॅग गुंडाळायचा, त्यावर तारीख आणि तपासणाऱ्याची सही. नापास झाली की लाल टॅग, म्हणजे ती वापरायची नाही.

"इंजिनिअर आहेस, दोन दिवसांत शिकशील," दादा म्हणाले. त्यांनी मला कामावर घेतलं. त्यांच्याच गाडीत बसून मी शिकले, हे मी कधी नाकारलं नाही.

पण गिऱ्हाईक पैसे द्यायचं ते टॅग मोजून, आणि त्यामुळे दादांचा हात चालायचा तो टॅगवर, यंत्रावर नाही. एकदा एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यातला धार लावायचा बेंच ग्राइंडर राहिला होता. त्याचा प्लग एका जड कपाटाच्या मागे होता. मी कपाट सरकवायला लागले.

"अगं, गेल्या वर्षी पास झालाय तो. लाव टॅग नि चल, दुपारी अजून दोन साइट आहेत."

मी टॅग लावला. सही माझी. कपाट तसंच राहिलं. हे मी इथे लिहिते आहे कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू काही स्वच्छ नव्हती.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका किंडरगार्टनचं काम आलं. थंडी सुरू व्हायची होती, प्रत्येक खोलीत पंख्याचे हीटर काढून ठेवले होते. दादांनी यंत्र गाडीतून काढलंच नाही. आत जाऊन ते हीटरला नुसते टॅग गुंडाळायला लागले. खोलीत एक मूल पालथं पडून हीटरच्या जाळीत बोट घालून बघत होतं. हीटर बंदच होता. पण मी हातातले टॅग खाली ठेवले.

"दादा, मी यावर सही करणार नाही."

"तू नको करू. मी करतो."

"तुम्हीही नका करू."

ते हसले. "घरी जा आज. डोकं थंड कर."

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी बसने परत त्या किंडरगार्टनला गेले आणि तिथल्या मुख्य बाईंना सांगितलं की हे हीटर तपासलेले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि माझ्यासमोरच दादांना फोन लावला. संध्याकाळी दादांचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट अगदी सावकाश बोलत होते.

"एवढी अक्कल आहे ना, मग काढ स्वतःची कंपनी. बघू या तुला दारात कोण उभं करतं."

मला वाटतं त्यांनी हे बोलायला नको होतं. तोवर माझ्या मनात कंपनीबिंपनी काही नव्हतं. मी दुसरी नोकरी शोधली असती. पण ते वाक्य मी जेवताना, झोपताना, चपात्या लाटताना पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: कंपनी काढायला काय काय लागतं?

घरातल्या मुलींना कळलं तेव्हा एकच कालवा झाला. "वेडी आहेस का? पीआरच्या आधी? व्हिसा कॅन्सल करतील." मी व्हिसाचं पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. कामावर कसलीही मर्यादा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तरी कुणाचा विश्वास बसेना. मग मी सरकारी हेल्पलाइनला फोन करून स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई म्हणाली की कंपनीला या देशात राहणारा एक तरी डायरेक्टर हवा, आणि तुम्ही इथे राहता, नो वरीज. एकजण म्हणाली, "तरीपण नको."

"तरीपण हवी," मी म्हटलं.

आधी नुसता एबीएन, म्हणजे धंद्याचा सरकारी नंबर, घेऊन एकटीने काम करायचा विचार होता. पण चार वर्कशॉपना फोन केले तर चौघांनी तेच सांगितलं, कंपनी आणि विम्याचं पत्र असेल तरच बोलू. त्यांत तो फर्निचरवालाही होता. म्हणून मी एका भारतीय अकाउंटंटकडे गेले. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि हिंदीत विचारलं, "हजबंडचं नाव?"

"लग्न नाही झालेलं."

"मग फादर? ब्रदर? डायरेक्टर म्हणून कुणाचं नाव घालू?"

"माझं."

"तुमच्याबरोबर आणखी कोणी जेंट्स?"

मी त्याच्या हातातला फॉर्म माझ्याकडे फिरवला, पेन घेतलं आणि डायरेक्टरच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. शेअरहोल्डरच्या रकान्यातही तेच लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण मग त्याने नीट समजावून सांगितलं. लिमिटेड म्हणजे काय, उद्या काही चुकलं तर जबाबदारी कंपनीवर येते, तुमच्या राहत्या घरावर येत नाही. मला हसू आलं. घर होतं कुठे माझ्याकडे! "पण एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "डायरेक्टरने जाणूनबुजून खोटं केलं तर कंपनी तुम्हाला वाचवत नाही." हे मात्र मी मनात नीट ठेवलं.

नावावरूनही वाद झाला. तो म्हणाला, ॲडलेड अमुकतमुक असं काहीतरी घ्या, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी दोन अक्षरी मराठी नाव दिलं. तो म्हणाला, लोकांना म्हणता येणार नाही. मी म्हटलं, त्यांची नावं मी म्हणायला शिकले, माझं ते शिकतील.

शेवटची अडचण पत्त्याची. कंपनीला नोंदणीचा पत्ता लागतो आणि ती जागा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्याची लेखी संमती. मी तोवर सॅलिसबरी या उपनगरात एका इटालियन आजींच्या मागच्या खोलीत राहायला गेले होते. घर त्यांचं, पत्रपेटीही त्यांची. मी कागद घेऊन गेले तेव्हा त्या अंगणात टोमॅटोच्या वेली काठ्यांना बांधत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, मी वाचून दाखवलं.

"कंपनीत बॉस कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर कोणी नाही."

त्यांनी हात ॲप्रनला पुसले आणि सही केली. मग म्हणाल्या, माझा नवरा तीस वर्षं दुसऱ्याचं काँक्रीट ओतत होता. रोज म्हणायचा, पुढच्या वर्षी स्वतःचं सुरू करतो. एवढं बोलून त्या पुन्हा टोमॅटोकडे वळल्या.

इचलकरंजीला घरी फोन केला तो कंपनीचं सर्टिफिकेट आल्यावर. आधी केला असता तर बाबांनी मोडता घातला असता, आणि मला त्यांचं ऐकावं लागलं असतं. बाबा वीज बोर्डात लाइनमन होते, जन्म खांबावर चढण्यात गेला.

"तुला इंजिनेर कशासाठी केली? टेस्टर घेऊन दारोदार फिराय?"

"बाबा, तुम्ही पण फिरलाच की."

"म्हणून तर तुला शिकिवलं!"

त्यांनी फोन आईकडे दिला. मला राग आला, आणि रडूही आलं, पण मी फोन ठेवला नाही. आईशी भाजीचं बोलले, हवेचं बोलले. पंधरा मिनिटांनी बाबाच परत फोनवर आले आणि त्यांनी विचारलं, "तिकडं अर्थिंग कसं बघतात?" मग आम्ही बराच वेळ त्यावर बोललो.

मी एक जुनी व्हॅन घेतली, यंत्र घेतलं, विमा काढला. सर्टिफिकेटची प्रिंट आणि विम्याचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला मॅनेजर उंच, लाल मानेचा माणूस होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तू त्या माणसाबरोबर यायचीस ना?"

"हो. आता माझी कंपनी आहे."

दादा मागच्या वेळी उशिरा आले होते म्हणून तो वैतागला होता. त्याने मला काम दिलं. मी सकाळी सातला सुरुवात केली, आणि सगळ्यात आधी त्या कोपऱ्यात गेले. दोन कामगारांना हाक मारून कपाट सरकवलं, ग्राइंडरचा प्लग काढला, यंत्राला जोडला. अर्थिंग नापास. परत केलं. परत नापास. ग्राइंडर लोखंडी होता, माणसं त्याला दिवसभर हात लावत होती, आणि आत वीज उतरली असती तर जमिनीत जायला तिला वाट नव्हती. मी लाल टॅग लावला.

मॅनेजर धावतच आला. "हा रोज लागतो. काढ तो टॅग."

"नाही काढता येणार."

त्याने जुना टॅग उलटा करून माझ्या नाकासमोर धरला. "गेल्या वेळी पास आहे. आणि ही सही कुणाची? तुझीच ना?"

आजूबाजूची माणसं काम थांबवून बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. म्हणता आलं असतं, मधल्या काळात बिघडला असेल. कदाचित तसं झालंही असेल. मला ते कधीच कळणार नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

"माझीच आहे," मी म्हटलं. "तेव्हा मी तपासला नव्हता. कपाट जड होतं म्हणून नुसता टॅग लावला. ती माझी चूक. आज तपासलाय आणि आज नापास आहे."

त्याची मान आणखी लाल झाली. "निघ इथून."

मी माझं यंत्र आवरलं. लाल टॅग तसाच ठेवला. दारात वळून कामगारांना म्हटलं, "याला हात लावू नका." मग व्हॅनमध्ये बसून डबा उघडला. कंपनीचं पहिलं काम, आणि तासाभरात हाकलून दिलेली डायरेक्टर! सगळ्या वर्कशॉपांत हे पसरणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही, हे आजही सांगते, त्या दिवशी व्हॅनमध्ये मला जितकं हलकं वाटलं तितकं मास्टर्सच्या पदवीदानालाही वाटलं नव्हतं.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. त्यांच्या इलेक्ट्रिशियनने प्लग उघडला होता. अर्थची वायर तुटून नुसती लोंबत होती. सॉरी वगैरे तो म्हणाला नाही.

"बाकीचं कधी संपवतेस?"

"उद्या. पण मागे मी सही केलेली प्रत्येक वस्तू पहिल्यापासून तपासणार. आणि त्यासाठी प्रत्येक कपाट सरकवायला माणूस लागेल."

"तू फार ताप देतेस, माहीत आहे?"

"उद्या सातला येते," मी म्हटलं.

त्या वर्कशॉपमध्ये आणखी तीन लाल टॅग लागले. महिन्याभराने त्याने शेजारच्या दोन वर्कशॉपना माझा नंबर दिला. देताना काय म्हणाला ते मला नंतर कळलं: ही बाई डोकं खाते, पण तपासते.

दादांचा फोन आला तो त्यानंतर. "माझं गिऱ्हाईक पळवलंस. आपलीच माणसं अशी निघाली तर परदेशात जगायचं कसं?"

"दादा, तुम्ही मला काम दिलंत, ते मी विसरणार नाही. पण तुमच्या सांगण्यावरून मी खोटी सही केली, तेही विसरणार नाही."

त्यांनी फोन कापला. त्यानंतर आमच्या मराठी मंडळींतली बरीच घरं मला बोलावेनाशी झाली. दादांनी अनेकांना एअरपोर्टवरून आणलं होतं, खोल्या मिळवून दिल्या होत्या, लोक त्यांच्या बाजूने असणार यात नवल नव्हतं. हे मला लागलं. परक्या गावात सणाला एकटीने जेवणं काय असतं ते मी त्या वर्षी शिकले.

पुढच्या वर्षी कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळींच्या सणाच्या जेवणाचं सगळ्यांना जाहीर आमंत्रण होतं. मी नवी साडी नेसून गेले. दादा दिसले, त्यांनी मान वळवली. मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या समोरच्याच खुर्चीत जाऊन बसले.