पानिंगची दुपार

तिया पानिंग, म्हणजे पानिंगमावशी, गायला लागली की तिची बदकं तळ्यातून वर येतात आणि माणसं घरात जातात, असं आमच्या बालिते गावात म्हणायचे. तिच्या तोंडावरच म्हणायचे, कारण पाठीमागे बोलण्यात मजा नव्हती, ती चिडायचीच नाही. "बदकांना कान असतात," एवढं म्हणून ती अंड्यांची टोपली डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायची.

खरं नाव एपिफानिया. पण एवढं लांबलचक नाव फक्त फादरनी घेतलं, तेही बाप्तिस्म्याच्या दिवशी. लग्न केलं नाही, बदकं पाळली. घराला हिरवा रंग दिला तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पिवळा दिला असतास तर उठून दिसलं असतं. पानिंगने विचारलं, राहायला तुम्ही येणार आहात का? विषय तिथेच मिटला. म्हणजे पानिंगपुरता मिटला, बायका अजून बोलतात.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्याकडे येशूच्या यातना गाऊन सांगतात. एकदा सुरू केलं की शेवटच्या ओवीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. दोघी दोघी बसतात, दमल्या की दुसऱ्या येतात. ज्याच्या अंगणात मांडव असेल त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं, फक्त मांस नको. सकाळ-संध्याकाळच्या वेळेसाठी बायकांत रुसवेफुगवे होतात, कारण तेव्हा ऐकायला सगळं गाव असतं. भर दुपार मात्र कुणालाच नको असते. पत्रा तापलेला, पोट भरलेलं आणि ऐकायला एखादं कुत्रं.

ती दुपार पानिंगची. आधी तिच्या आईची होती. आईने जाताना हात धरून सांगितलं होतं, माझी दुपार रिकामी ठेवू नकोस. पानिंगने तोच नवस धरला. आई जशी गायची तशीच ती गायची. ओवीच्या मधोमध थांबायचं, श्वास ओढायचा, मग आवाज एकदम वर उडी मारायचा आणि मनाला येईल तिथे उतरायचा. शेजारी बसलेलीची गाडी तिथेच घसरायची.

यंदा मांडव लुमेंगच्या अंगणात होता. लुमेंगच्या थोरल्याची धर्ममाता पानिंग, म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणतात. लुमेंगने नवा लाऊडस्पीकर आणवला होता आणि मनिलाहून जुनी गाणी गोळा करणारे एक मास्तर येणार होते. आदल्या दिवशी ती पानिंगकडे आली. आधी बदकांची चौकशी केली, मग गुडघ्यांची. मग म्हणाली, केळीच्या पानातला चिकट भात तुझ्यासारखा कुणाला जमत नाही, यंदा तू स्वयंपाकाकडे बघ. गळ्यालाही आराम.

"माझ्या गळ्याने तक्रार केली का तुझ्याकडे?"

"कुमारे, लोक बोलतात गं. त्यात यंदा लाऊडस्पीकर आहे. पार तळ्यापलीकडे ऐकू जाईल."

हे पानिंगला लागलं. लागलं नाही असं ती पुढे म्हणायची, पण त्या दिवशी बदकांना तिने दोनदा खायला घातलं. लुमेंगला मात्र तिने एवढंच सांगितलं, "भात मी सकाळी करून ठेवते. माइक तुझा, जागा माझी."

बुधवारी दुपारी तसंच झालं. माइक लुमेंगच्या भाचीपुढे ठेवला आणि पानिंग टेबलाच्या कडेला बसली. थोड्या वेळाने भाची जेवायला म्हणून उठली ती आलीच नाही. पानिंग एकटीच गात राहिली. मास्तर आंब्याखाली डुलक्या घेत होते, त्यांचे डोळे उघडले. माइक नसल्यामुळे नीट ऐकू येईना, म्हणून ते खुर्ची ओढत ओढत तिच्या अगदी गुडघ्याशी येऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे फार जुनं वळण आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं असेल, आणि हा मधला श्वास तर इतर गावांतून केव्हाच नाहीसा झालाय.

झालं. अंधार पडायच्या आत बालितेतल्या बायांना दमा जडला. जी ती ओवीच्या मधे थांबतेय आणि श्वास ओढतेय. पानिंगला बदकांची बहीण म्हणणारीच आता म्हणत होती, मी पहिल्यापासून सांगत होते, हिच्या गळ्यात काहीतरी आहे.

लुमेंग पुन्हा आली. या वेळी थेट गळ्यावरच आली. उद्या संध्याकाळची वेळ तुझी, म्हणाली. माइक तुझा. पांढरा झगा माझ्याकडे आहे, कमरेत थोडा सैल करू. आणि दुपारी? दुपारी बसतील कुणीतरी पोरी.

पानिंग विचार करते म्हणाली. खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या होत्या. लुमेंग गेल्यावर तिने कंगवा माइकसारखा धरला आणि बदकांपुढे एक ओवी म्हणून पाहिली. मधे थांबली. श्वास ओढला. अजून ओढला. सगळ्यांनी ऐकावा म्हणून आणखी थोडा ओढला. बदकं माना वाकड्या करून बघत राहिली आणि पानिंगला हसू फुटलं. आई एवढा वेळ थांबली असती तर त्याच ओवीत गेली असती.

तिने कंगवा केसात खोवला आणि तडक लुमेंगचं अंगण गाठलं.

"कुमारे, आईला दमा होता."

लुमेंग मडक्यातला काढा ढवळत होती. तिचा हात थांबला.

"वळण नाही, काही नाही. तिला श्वास पुरायचा नाही, म्हणून ती मधे थांबायची. मी तिच्या मांडीवर बसून शिकले, ते थांबण्यासकट शिकले. तुला माहीत आहे. ती थांबली की आल्याचा काढा घेऊन कोण धावायचं? तूच ना?"

लुमेंगने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. मास्तर आत जेवतायत."

पानिंगने आत जाऊन मास्तरांनाही सांगितलं. ते हात जोडून हसले. नंतर बाहेर येऊन लुमेंगला म्हणाले, अशी विनयशील बाई मी पाहिली नाही.

"बघितलंस?" लुमेंग म्हणाली. "खरं सांगून काही होत नाही. उद्या संध्याकाळी बस."

"कालपर्यंत मी बेसूर होते, आज दोनशे वर्षांची झाले. गळा तोच आहे, कुमारे. मी कोण ते तुम्ही सावकाश बसून ठरवा. मी दुपारी येते."

गुरुवारी दुपारी ती आली. मांडवात बऱ्याच बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, सगळ्या श्वास ओढायला तयार. पण मास्तर सकाळच्याच बसने पुढच्या गावी गेले होते, आणि ते कळल्यावर पत्रा सगळ्यांना आणखीच तापलेला वाटू लागला. कुणाला भात आठवला, कुणाला झोपलेलं नातवंड. माइकही सावलीत नेऊन ठेवला. टेबलाच्या कडेला पानिंग तेवढी उरली. ती गात होती, आईएवढंच थांबत होती, ना कमी ना जास्त.

तिसऱ्या-चौथ्या ओवीला ती थांबली आणि तिच्या हाताशी आल्याच्या काढ्याचा पेला आला. लुमेंग होती. हात आपोआप पुढे गेला असावा, कारण तिचं तिलाच नवल वाटलेलं दिसत होतं. पानिंगने एक घोट घेतला.

"बस," ती म्हणाली. "खंड पडेल."

लुमेंग बसली आणि तिने पुढची ओवी धरली, आपल्या सुरेल, सरळ चालीत. त्यापुढची पानिंगने धरली, आपल्या चालीत. लुमेंगने तिला वळणावर आणायचा एकदोनदा प्रयत्न केला, मग तीही घसरली आणि तिने नाद सोडला. दोघी गात राहिल्या, एक पायवाटेने आणि एक शेतातून.

कुंपणाशी बदकं येऊन उभी होती. माणसं घरात गेली होती.