नाथाजीचं ‘नको’

नाथाजी रहिमतपूरचा. शेतीपंपांच्या एका कंपनीचा फिरता विक्रेता. सातारा, कराड, विटा, तासगाव, सगळं एस.टी.नं. मी त्याच कंपनीच्या सांगलीच्या ऑफिसात माहितीपत्रकं लिहायचो. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. तो वयानं बराच मोठा, पण मला मित्रच मानायचा.

शहाण्णव साली कंपनीनं सांगलीत पंपांचा डेपो काढायचं ठरवलं. डेपोचा प्रमुख नाथाजीच होणार, असं ऑफिसात सगळेच म्हणत होते. त्याची बायको उमा आणि मुलगी स्वानंदी रहिमतपुरात. रविवारी एकदा काय ती भेट. आता तिघं एकत्र राहणार होती. विश्रामबागेत खोली बघून झाली होती. उमानं तर स्वानंदीचा शाळेतला दाखलाही काढून ठेवला होता.

मिरज रस्त्यावरच्या हॉटेलात कंपनीनं दुपारची पार्टी ठेवली. मुंबईहून मालक धवलशेठ आले होते. अनोळखी माणसं, इस्त्रीचे सूट, हळू आवाजातलं बोलणं. नाथाजीनं कुणाचा तरी टाय मागून आणला होता. तो एका खांबाला चिकटून उभा राहिला.

“वरदा, हात कुठं ठेवायचं रं?”

“प्लेट घे. हात आपोआप गुंततील.”

“उभ्यानं जेवायचं? लय अवघड हाय गड्या.”

त्यानं प्लेट घेतली, पण तिच्यात काही वाढून घेतलं नाही. कुणी हसून बघितलं की तो वाकून नमस्कार करायचा. एकदा तर वेटरलाही केला.

इतक्यात धवलशेठ चारचौघांना घेऊन आमच्याकडंच आले. हसतमुख, साधा माणूस. त्यांनी नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

“नाथाजी, सांगलीचा डेपो तुम्ही सांभाळणार?”

नाथाजीनं प्लेट माझ्या हातात दिली आणि हात जोडले.

“नको साहेब. मी कुठला एवढा मोठा? दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

 धवलशेठांनी मान हलवली.

“स्पष्ट बोललात, बरं वाटलं. आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला हवं असेल.” ते शेजारी वळले. “भाऊसो, मग तुम्ही?”

भाऊसो आमच्यातलाच एक विक्रेता, पण मुंबईत वाढलेला. तोंडात गुलाबजाम होता.

“घेतो की साहेब!”

टाळ्या वाजल्या.

माझ्या दोन्ही हातांत दोन प्लेटा होत्या. मला त्या खाली ठेवायचंही सुचेना. ते ‘नको’ कसलं होतं, मला माहीत होतं. मळ्यावर कुणी चहा विचारला की नाथाजी हेच म्हणायचा. समोरचा म्हणायचा, “असं कसं, घ्या की.” हा पुन्हा नको म्हणायचा. मग कपबशी पुढ्यात यायची आणि हा चहा प्यायचा. दरवेळी.

धवलशेठ पुढच्या घोळक्यात गेले होते. मी नाथाजीचा दंड धरला.

“जा, सांग त्यांना. तुला पाहिजे होतं म्हणावं.”

“काय सांगू? न्हाई म्हणून आता मागून घेऊ? चारचौघांत?”

“अरे, पण पहिल्यांदाच हो म्हणायचं ना!”

“हावऱ्यागत?” त्यानं टाय ओढून सैल केला. “साहेबांनी परत इचारलंच न्हाई रं.”

मग तो भाऊसोकडं गेला. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, “अभिनंदन.” मला बघवेना.

हॉटेलच्या बाहेरच एस.टी.डी. बूथ होता. उमा रहिमतपुरात शेजारच्या मेडिकल दुकानात फोनची वाट बघत बसणार होती. नाथाजीनं मला काचेच्या आत ओढलं. एकट्याला बोलायचा धीर नव्हता. दोघं खेटून उभे राहिलो. फोनचा आवाज मोठा होता. सगळं ऐकू येत होतं.

“उमा, साहेबांनी इचारलं.”

“व्हय? मग?”

“मी नको म्हणालो.”

“ते बरूबरच हाय की,” उमा म्हणाली. आवाजात हसू होतं. “आन् दुसऱ्यांदा इचारल्यावर काय म्हणालासा?”

नाथाजीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आवं, सांगा की,” उमा म्हणाली.